शेवटच्या बोटीचा निकाल

नवीन पोरगा मैदानाच्या कडेला उभा राहून सदरा काढत असायचा, डोकं अजून गळ्यात अडकलेलं असायचं, आणि तेवढ्यात जजआबांचा निकाल लागलेला असायचा. "हो चलाचो नाय." किंवा, "हो बरो." तिसरा निकाल त्यांच्याकडे नव्हता. ‘बघूया’, ‘अजून लहान आहे’, ‘वर्षभर थांबा’ असली भाषा त्यांना दुबळ्या माणसांची वाटे. सरकारी कोर्टात तारखांवर तारखा पडतात आणि वादी-प्रतिवादी दोघेही म्हातारे होतात, असं ते सांगत. त्यांच्या कोर्टात तारीख नव्हतीच. म्हणून गावानं त्यांना जज केलं आणि वयाच्या मानानं मागे आबा लावलं. खरं नाव रेशनकार्डावर होतं, ते तिथेच राहिलं.

कोर्टाची जागा ठरलेली. आमचं मैदान म्हणजे समुद्राच्या अंगाची भातशेती. कापणी झाली की मधला बांध सपाट करून दोन शेतांचं एक मैदान करायचं, आणि पाऊस येईपर्यंत फुटबॉल खेळायचा. कडेला माडाखाली एक फुटकी होडी पालथी पडलेली असे. आबा तिच्यावर बसत. दुसरं कुणी तिथे टेकलं तर काठीचं टोक त्याच्या मांडीला लागे. तोंडानं ते काही बोलत नसत.

आबांनी स्वतः जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईला गोदीत काढली. सुटीच्या दिवशी गाववाले खोलीवर पत्ते कुटत बसत, तेव्हा हे एकटे मैदानाच्या दोरीला चिकटून गिरण्यांच्या संघांचे सामने बघत. त्या दोरीवर त्यांचं सगळं शिक्षण झालं. "माका दोन लाथो पुरे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा चर्चच्या शाळेतले मास्तर त्यांना म्हणाले, "आबा, मुलाला जरा वेळ द्यावा, मग बोलावं." आबांनी मास्तरांच्या पिशवीकडे बोट केलं. पिशवीत नारळ होता. "मास्तर, नारळ तुमी वाजवून घेतास. महिनोभर घरात ठेवन मगे घेनास नाय. मगे झील कित्याक महिनोभर बघूचो?" मास्तर नारळ घेऊन घरी गेले.

त्यांचे निकाल चुकत. नेहमी नाही, पण पुष्कळदा. माझ्या वडिलांनी देवगडहून हापूसचं कलम आणलं होतं. कलम अजून वडिलांच्या खांद्यावर, गोणपाटात गुंडाळलेलं, आणि आबा रस्त्यावरूनच म्हणाले, "हेका फळ धरूचा नाय, दत्ताराम." काही वर्षांनी त्याच कलमाचे आंबे मी पाटीत घालून त्यांच्याकडे नेले. त्यांनी दोन खाल्ले, बोटं पुसली, आणि म्हणाले, "अजून खंय संपला? फुडल्या वर्सा बघ." नव्या तलाठ्याला त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. त्या तलाठ्यानं आमच्याच गावातली मुलगी केली आणि घर बांधलं. आबा लग्नाला जेवले आणि हात धुताना नवऱ्या मुलाला म्हणाले, "अजून खंय संपला?" हे त्यांचं दुसरं वाक्य. पहिल्या वाक्यानं निकाल लागे, दुसऱ्यानं तो कधीच रद्द होत नसे.

आता मुख्य गोष्ट. मुंबईतल्या एका गिरणीचा स्वतःचा फुटबॉल संघ होता. शिमगा झाला की त्या गिरणीचा माणूस आगबोटीनं मालवणला उतरे, आसपासच्या वाड्यांतल्या पोरांचा एक सामना बघे आणि एकाला, फार तर दोघांना निवडून नेई. नावाला नोकरी साचाखात्यात, म्हणजे मागांवर, काम मात्र खेळायचं. आमच्याकडच्या पोराला तेव्हा रस्ते किती? मासेमारी, शेती, नाहीतर मुंबईत शब्द टाकणारा एखादा नातेवाईक. हा आणखी एक रस्ता होता, आणि तो वर्षातून एकाच दुपारी उघडत असे.

साहेब निवड करून गेला की गावाचं काम सुरू होई. न्हाव्याकडे, चर्चच्या पायरीवर, मासळीच्या टोपल्यांपाशी, जो तो निवडीवर बोले. "हेका घेतलान? डोळे गेले काय सायबाचे?" ज्याच्याविषयी बोलणं चाले त्यानं अजून मुंबई बघितलेली नसे, आई त्याच्यासाठी लाडू वळत असे, पण त्याचं पुढचं सगळं आयुष्य दिवेलागणीच्या आत ठरून गेलेलं असे. शेवटचा शब्द अर्थातच होडीवरून येई. आबा एक तर गप्प राहत, म्हणजे पोरगा पास, नाहीतर म्हणत, "शेवटच्या बोटीन परत येतलो." पाऊस तोंडावर आला की आगबोटी बंद होत. त्याआधीच्या शेवटच्या बोटीनं पेरणीसाठी येणारे चाकरमानी उतरत, आणि त्यांच्या मागून, खाली बघत, ज्यांना मुंबईनं ठेवून घेतलं नाही ते उतरत. त्या वाक्याचा अर्थ आमच्याकडे लहान मुलालाही कळे.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी एकवीस वर्षांचा होतो, डाव्या बगलेला खेळायचो. शिवाय क्लबचा चिटणीसही मीच. चेंडूचं ब्लॅडर, पंप, मध्यंतराची लिंबं, अकरा जणांची नावं, सगळं माझ्या अंगावर, आणि त्यातली एकही गोष्ट कधी विसरली गेली नाही. सांतान आमच्याच संघात होता. चर्चपलीकडच्या वाडीतला, माडासारखा लांब, धावताना कोपरं कुठे आणि गुडघे कुठे याचा मेळ नाही. त्या दुपारी मी एक गोल केला. दुसरा माझ्या पासवर झाला. सांतान दोनदा पडला आणि मोकळा गोल समोर असताना त्यानं चेंडू माडांत मारला. तो आणायलाही मीच गेलो.

साहेब उठला, धोतराला लागलेला चारा झटकला आणि म्हणाला, "तो उंच मुलगा. त्याचं नाव लिहून द्या." चिटणीस मी. नाव मीच लिहून दिलं.

माणसं होडीकडे वळली. आबांच्या शेजारी माझे वडील उभे होते, खांद्यावर पंचा, दोन्ही हात रिकामे. आबांनी आधी सांतानकडे काठी केली. "हो लंब्या शेवटच्या बोटीन परत येतलो." मग काठी फिरली आणि माझ्यावर थांबली. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "ह्याका घेवक व्हयो होतो."

मला घ्यायला हवं होतं, हे वाक्य मी घरी घेऊन गेलो. खरं सांगायचं तर ते वाक्य पुढे बरीच वर्षं आमच्या घरात राहायलाच होतं. त्याच उन्हाळ्यात मालवणच्या बाजारात मी किराणा दुकान घातलं, तेव्हा गिऱ्हाइकं म्हणत, "हो तोच मां, ज्याका घेवक व्हयो होतो?" माझ्या सोयरिकीच्या वेळी मामांनी मुलीकडच्यांना माझं शिक्षण सांगितलं, दुकान सांगितलं, आणि मग हेही सांगितलं. बायकोनं लग्नानंतर ते इतक्यांदा ऐकलं, की एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अवो, घेवक व्हयो होतो, घेवक व्हयो होतो! माका तुमका घेवक गावला ता बस झाला नाय?" मी बस झालं म्हणालो. झालं नव्हतं.

त्या वर्षी शेवटच्या बोटीला आबा बंदरावर गेले. मीही गेलो, दुकानाचा माल यायचा होता असं मी सांगितलं, आणि माल खरोखरच यायचा होता. आगबोट दूर उभी राही, उतारू पडावातून किनाऱ्याला येत. आबा प्रत्येक पडाव डोळ्यांवर हात धरून तपासत. "लंब्या दिसता?"

"नाय, आबा."

"मागच्या पडावात आसतलो."

मागच्या पडावातही नव्हता. आबांनी काठी वाळूत रोवली. "फुडल्या वर्सा."

पुढच्या वर्षीही आम्ही गेलो. त्याच्या पुढच्याही. माझं दुकान वाढलं, मुलं झाली, एकदा तर मला ताप होता, तरी शेवटच्या बोटीला मी आबांच्या शेजारी उभा. आम्हा दोघांना एकाच माणसाची वाट होती, आणि तो येत नव्हता.

तो नाताळला यायचा. आपल्या पायांनी, रजा घेऊन, मजेत. एका नाताळला चामड्याचे बूट आणले, तळाला खुंट्या ठोकलेले. सगळ्या वाडीनं ते हातात घेऊन बघितले. मीही बघितले, शिवण तपासली, आणि रात्री जेवलो नाही. पुढच्या खेपेला वर्तमानपत्रातलं छायाचित्र आणलं. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा तो होता. डाव्या बाजूची जागा, माझी जागा, असं मला तेव्हा वाटलं. मुंबईत तो त्यांच्या गावच्या कुडीत राहायचा, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून भाड्यानं घेतलेल्या मोठ्या खोलीत, पेट्या लावून वीस-पंचवीस जण. तिथे ढेकूण आहेत असं तो हसून सांगायचा. मला त्या ढेकणांचाही हेवा वाटला. आणि माझ्या दुकानात आला की काय म्हणायचा? "गजा, तुझा बरा आसा रे. सावलीत बसान धंदो." हे तो मनापासून म्हणायचा, म्हणून अधिकच लागायचं.

दर नाताळला तो आबांना भेटायला होडीपाशी जाई. आबा त्याच्या तोंडावरच विचारत, "काय रे लंब्या, अजून काढूक नाय तुका?"

"नाय ओ, आबा."

"काढतले. अजून खंय संपला? बस हंय." आणि त्या होडीवर, जिथे गावात कुणालाही बसता येत नसे, तिथे ते काठीनं जागा झाडून त्याला बसवत. मग उलटतपासणी सुरू होई. कुठल्या गिरणीबरोबर खेळलास, गोलकीपर कसला होता, पावसात चेंडू किती जड होतो, कोण डाव्या पायानं मारतो. दोन-दोन तास. मी चिटणीस म्हणून बाजूला उभा असे.

एकदा दुकानाच्या खरेदीसाठी मी मुंबईला गेलो आणि मुद्दाम सांतानचा सामना बघितला. आबांनी ज्या दोरीला उभं राहून आयुष्य काढलं, तशाच दोरीला मीही उभा राहिलो. चेंडू वरून आला, सांतानच्या लांब पायावर पडला आणि तिथेच मेल्यासारखा थांबला. मग त्यानं मान वर न करता तो मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, धावणाऱ्या गड्याच्या पुढ्यात नेऊन ठेवला. दोनच लाथा. पुढचा सामना बघायची मला गरज नव्हती, तरी संपेपर्यंत थांबलो. माणसं त्याच्या नावानं ओरडत होती, तेव्हा मी नेमका ओरडलो नाही.

गावी येऊन आबांना म्हटलं, "बरो खेळता, आबा."

"किती सामने बघलंस?"

"एकच."

"एका सामन्यान काय कळता, मेल्या?" जजआबा मला म्हणाले.

गोवा मोकळा झाला त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सांतान परत आला. गुडघा गेला होता. गिरणीनं आधी त्याला संघातून काढून खात्यात बसवलं, मग खात्यातूनही मोकळं केलं. पावसापूर्वीचेच दिवस होते. आबा नेहमीप्रमाणे बंदरावर, मीही नेहमीप्रमाणे शेजारी. आता आबांना फार लांबचं दिसत नसे. पडाव आला की मी सांगायचो. मी "नाय, आबा" म्हणालो, आणि मागून आवाज आला, "हंय आसंय, आबा." सांतान बोटीनं आलाच नव्हता. तो एस.टी.नं तळेऱ्यावरून आला होता. घरी ट्रंक टाकून, लंगडत, आबा कुठे असतील ते ओळखून तो बंदरावर आला होता.

आबांनी वळून त्याच्याकडे बघितलं. बारा वर्षं धरून ठेवलेला निकाल हातात आला होता. मला वाटलं, आता बंदरावर आरडाओरडा होणार. आबा म्हणाले, "मी सांगललंय नाय?" पण ते म्हणतानाच त्यांनी खाली वाकून दोन्ही हातांनी त्याचा गुडघा चाचपला, दुखऱ्या गुराचा पाय चाचपतात तसा. "खंय लागला? कोणी मारलान? रेफ्री काय करी होतो?" सांतान सांगत होता, म्हातारा हात काढत नव्हता. मी बाजूला उभा. तो दुखरा गुडघा, हजारो माणसांसमोर मोडलेला, त्याचाही मला हेवा वाटला. माझे दोन्ही गुडघे चांगले होते. आजही आहेत.

मग रोज संध्याकाळी होडीवर दोघे. गावातली माणसं म्हणत, "आबांचो निकाल खरो झालो." आबा ऐकून घेत आणि सांतानला पान लावून देत. मी दुकान बंद करून जाई, तेव्हा ते कुठल्यातरी जुन्या सामन्यात असत. हळूहळू माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. ज्याच्याविषयी ते चुकले त्याची त्यांनी दर वर्षी बंदरावर जाऊन वाट बघितली. ज्याच्याविषयी ते बरोबर होते, त्या माझ्याविषयी पुन्हा एक अक्षर विचारलं नाही. त्या एका वाक्यावर मी उभा होतो. ते किती जाड आहे ते मला पाहायचं होतं.

एका संध्याकाळी सांतान चर्चमध्ये गेला होता. आबा एकटे होते. मी विचारलं, "आबा, तुमी सांगलास, माका घेवक व्हयो होतो. काय बघलास तुमी माझ्यात?"

आबांनी आठवून बघितलं. खरोखर आठवून बघितलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून सांगतो. मग ते म्हणाले, "तुझो बापूस बाजूक उभो होतो रे."

मी खिशातून चंची काढली.

"दत्तारामाचे हात बघलंय मी. माणूस हात खंय ठेवचे ता इसारलो होतो." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुका बघूक वेळ खंय गावलो? माझी नजर सगळी त्या लंब्यार. असो पडणारो झील मी मुंबैत बघूक नाय होतो."

"म्हणजे तो बरो होतो ता तुमका तेव्हाच कळला?"

"दोन लाथो," आबा म्हणाले. "पण तुझो बापूस उभो होतो मां!"

वडील तोपर्यंत वारले होते. ते वाक्य त्यांनी कुणाकुणाला सांगितलं होतं ते मला माहीत होतं. मामांना त्यांनीच सांगितलं होतं. मी आबांना चंची दिली, त्यांनी पान लावलं, आणि सांतान येईपर्यंत आम्ही समोरची रिकामी शेतं बघत बसलो. तेवढ्यापुरता मी होडीवर बसलो होतो. काठी मांडीला लागली नाही.

आबा गेले ते ऐन पावसात. तिरडीला पुढे एका बाजूला सांतान, दुसऱ्या बाजूला मी. तो उंच, मी ठेंगणा, त्यामुळे भार सगळा माझ्या खांद्यावर कलला. पण सांतान लंगडत होता, म्हणून वाटेवरची माणसं त्याच्याकडे बघून डोळे पुसत होती. आता यावर काय बोलायचं!

गेल्या शिमग्यानंतर गिरणीचा माणूस पुन्हा आला. नवा, तरणा, विजार-बुशशर्ट घातलेला, एस.टी.नं आलेला. त्यानं एक मुलगा निवडला आणि तो बसस्टँडकडे गेला. सवयीनं सगळे होडीकडे वळले. होडीवर आता सांतान बसतो. कुणीतरी म्हणालं, "सांतानभाव, निकाल?"

सांताननं गुडघा चोळला. "मी काय सांगू? माका माझोच अजून कळाक नाय."

माणसं थोडी हिरमुसली. माझ्या शेजारी, ज्याला घेतलं नाही अशा एका मुलाचा बाप उभा होता. खांद्यावर टॉवेल. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. त्याचा मुलगा मी नीट बघितलाच नव्हता. माझं लक्ष निवडलेल्याकडे होतं. माझ्या हातात छत्री होती. ती मी त्या मुलाकडे केली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणालो, "ह्याका घेवक व्हयो होतो."

बापानं टॉवेल सारखा केला. सांताननं एकदा माझ्याकडे बघितलं आणि होडीवर जरा सरकून बसला. तिकडे मुलगा सदरा घालत होता. डोकं बाहेर आलं तेव्हा तो हसत होता. मला त्याचा फार हेवा वाटला. ते वाक्य त्याच्याकडे आजच आलं होतं, कोरं करकरीत, आणि कितीतरी वर्षं तो ते कुणालाही न विचारता वापरणार होता.